तिचं ऐकणं, माझ्या नावावर

कबुली आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढे कुणी मला भली बाई समजून वाचायला नको. मागच्याच्या मागच्या संक्रांतीला, भोपाळच्या आमच्या मराठी मंडळात, माईकसमोर उभं राहून मी माझ्या मैत्रिणीनं ऐकलेलं गाणं मी ऐकलं म्हणून सांगितलं. एखादं गाणं नव्हे, अख्ख्या वर्षाचं. तेही छापील कागद हातात धरून, चष्मा नाकावर ओढून, मधूनच डोळे मिटून. मैत्रीण तिसऱ्या रांगेत बसली होती.

वय तेव्हा सत्तरीच्या पुढचं, त्यामुळे लहानपणी हातून घडलं म्हणायची सोय नाही.

ही मैत्रीण मूळची नागपूरची, मी साताऱ्याकडची. दोघींचे नवरे पिपलानीच्या कारखान्यात एकाच हुद्द्यावर, म्हणून क्वार्टर्सही एकमेकींना लागून. तिच्या स्वयंपाकघराची भिंत तीच माझ्या स्वयंपाकघराची. चहा टाकला की मी उलथन्यानं भिंतीवर ठोकायचे आणि ती पदराला हात पुसत यायची. हातातलं काम टाकून यायची, हे मला तेव्हा दिसत नसे. दिसायचं ते एवढंच, की मी ठोकलं आणि ती आली. बऱ्याच वस्तू आमच्या दोघींत एक होत्या. इडलीपात्र एक, शिवणयंत्र एक, दिवाळी अंक एक. अंक आधी मी वाचणार, कारण तो माझ्या नावानं यायचा. त्यातलं शब्दकोडं मी पेननं सोडवून मग तिच्याकडे पाठवायचे.

ती गायची. नागपुरात एका बाईंकडे रीतसर शिकलेली. मला गाता येत नव्हतं, पण मी मंडळाची चिटणीस होते आणि चिटणीसपद हे गाण्याच्या वरचं असतं अशी माझी पक्की समजूत होती. तिशीतली ती चिटणीसबाई आज मला रस्त्यात भेटली तर मी पलीकडच्या बाजूनं निघून जाईन. कडक इस्त्रीची साडी, मनगटावर नवऱ्याचं भलंमोठं घड्याळ, हातात कार्यक्रमपत्रिका आणि चेहऱ्यावर असा भाव की आपण नसतो तर गणपती वेळेवर बसलाच नसता. एका वर्षी गणपतीत मैत्रिणीचं गाणं ठेवलं होतं. ही विलंबित संपवून द्रुतात शिरायला आणि पहिल्या रांगेतल्या मोठ्या साहेबांना जांभई यायला एकच गाठ पडली. मी विंगेतून घड्याळावर बोट आपटून दाखवलं. तिनं पाहिलं, समेवर आली, हात जोडले आणि उठली. पुढे कित्येक वर्षं मी हा किस्सा कौतुकानं सांगायचे. हिचं गाणं कसं झालं हे त्यात कधीच नसायचं. आमचे कार्यक्रम किती वेळेवर संपत, एवढंच असायचं.

मग निवृत्ती झाली, क्वार्टर सुटलं, आम्ही शहराच्या दुसऱ्या कडेला, मिसरोदला फ्लॅट घेतला. हे तिथं फार दिवस राहिले नाहीत, वर गेले. मुलगा आधीच परदेशात. मैत्रिणीचा मुलगा मात्र त्याच कारखान्यात लागला, क्वार्टर त्याच्या नावावर झालं, म्हणून ती पिपलानीतच राहिली. मी तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीतून मंडीदीपला जाणाऱ्या कंपन्यांच्या बसेस बघत बसायचे. माझ्या भिंतीपलीकडे कोण राहतं ते मला अजून ठाऊक नाही. त्यांचा दरवाजा वाजतो, एवढाच आमचा परिचय.

वाढदिवसाला नातीनं गाण्याच्या ॲपची वर्गणी भरून दिली. नात बंगळुरात नोकरी करते. प्रेमळ आहे, पण प्रेमाला वेळ नसतो तिच्याकडे, म्हणून भेटी पाठवते. "आजी, जाहिराती येत नाहीत यात. हवं ते ऐक." मी लगेच मैत्रिणीला फोन लावला.

"पासवर्ड लिहून घे. मी एकटी किती ऐकणार?"

"काहून? तुझ्या नातीनं तुला दिलं."

"दिवाळी अंक नव्हता का दोघींत एक?"

"तो तुझा वाचून झाल्यावर यायचा बाप्पा," ती म्हणाली.

मी खदखदून हसले. टोमणा होता हे कळायला मला दोन वर्षं लागली.

या ॲपची एक गंमत आहे. एका खात्यावर एका वेळी एकच गाणं चालतं. तिनं लावलं की माझं बंद, मी लावलं की तिचं. ती सकाळी ऐकायची. माझा चहा उकळेपर्यंत मी फोन उघडायचे, तर पडद्यावर खाली यायचं की गाणं दुसऱ्या फोनवर सुरू आहे, आणि वर तोडी नाहीतर ललत. मी काय करायचे, तर एखादं बँडबाजाचं लग्नातलं गाणं दाबायचे. तिकडे तिचा आलाप गपकन बंद. दोन ओळी वाजल्या की मी माझं थांबवायचे. सुरुवातीला तिचा फोन यायचा, "कळलं बाई, उठलीस तू." मला कोण आनंद व्हायचा! मिसरोदच्या ओट्यापाशी उभं राहून पिपलानीच्या भिंतीवर उलथनं मारता येतं, असं मी भेटेल त्याला सांगायचे. पुढे पुढे तिचे फोन येईनासे झाले. माझं ठोकणं चालूच होतं.

वर्ष संपताना त्या ॲपनं एक रंगीबेरंगी चित्र पाठवलं. या वर्षी तुम्ही सर्वांत जास्त काय ऐकलंत. त्यात वरपासून खालपर्यंत शास्त्रीय. माझं लग्नाचं गाणं औषधालाही नव्हतं, कारण ते दोन ओळींच्या पुढे कधी गेलंच नव्हतं. मी ते चित्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. खोडी म्हणूनच टाकलं होतं, देवाशपथ. संध्याकाळी खुलासा करून हशा मिळवू, असा बेत होता. पण दुपारपर्यंत उत्तरांचा पाऊस पडला. वा काकू, काय कान आहे! काकू, तुम्ही इतक्या दर्दी आहात हे माहीतच नव्हतं. काकू, आमच्या पिढीनं शिकावं. मैत्रीणही त्याच ग्रुपवर होती. तिनं काहीच लिहिलं नाही. मी मनाशी म्हटलं, तिला कळलं असेल, हसत असेल.

संध्याकाळी मी खुलासा केला नाही.

का केला नाही ते सांगते. मुलगा दर रविवारी फोन करतो आणि गुडघे कसे आहेत म्हणून विचारतो. सून विचारते, गोळ्या आहेत ना. सोसायटीतली पोरं लिफ्टमध्ये भेटली की "आंटी, आराम से" म्हणतात. गुडघ्यांपलीकडे माझं काही शिल्लक असेल असं कुणालाच वाटेनासं झालं होतं, आणि इथे माणसं माझ्या कानांबद्दल बोलत होती. इतकी भूक लागली असेल हे मलाही ठाऊक नव्हतं. दुसऱ्याच्या ताटातलं होतं, तरी बसले जेवायला.

दोन दिवसांत मंडळाच्या हल्लीच्या चिटणीस मुलीचा फोन आला. तीही घड्याळवालीच, फक्त हिचं घड्याळ पावलं मोजतं. "काकू, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तुमचा छोटा कार्यक्रम ठेवू या. 'माझं ऐकणं' असं काहीतरी." मी हो म्हटलं. मग पंचाईत झाली. त्या चित्रात चार ओळी, बोलायचं कशावर? नातीला फोन केला.

"आजी, तुझं सगळं ऐकणं मागवता येतं. खात्याच्या प्रायव्हसीच्या पानावर जायचं, मागणी टाकायची, ईमेल येईल त्यात हो म्हणायचं. मग फाईल येते."

"कधी?"

"पहिल्यापासूनचं सगळं हवं असेल तर महिनाही लागू शकतो."

"म्हणजे सरकारी खातंच म्हण की."

फाईल त्याआधीच आली. मी मोठ्या उत्साहानं उघडली, तर नुसते कंस, अवतरणचिन्हं आणि स्वल्पविराम. साखर सांडल्यावर लागते तशी मुंग्यांची रांग. नातीकडे पाठवली. तिनं त्याचा सरळ रकान्यांचा तक्ता करून दिला: कुठलं गाणं, केव्हा लावलं, कुठल्या फोनवर, किती वेळ वाजलं, कशानं थांबलं. आणि फोन केला.

"आजी, यात दोन फोन आहेत. एक तुझा. दुसरा कुणाचा?"

"आहे एक."

"वेगळं करून देऊ? लगेच होईल."

"नको. सरसकट दे."

"अगं, पण मग तुझं कुठलं आणि दुसऱ्याचं—"

"सरसकट दे म्हटलं ना! उलटतपासणीला बसलीयेस का माझ्या?"

ती म्हणाली, "ओके आजी." त्या दोन शब्दांत काय होतं ते मी ऐकलं नाही. माझे कान त्या दिवसांत फार मोठे झाले होते.

कार्यक्रम छान झाला. म्हणजे वाईट माणसांचे कार्यक्रम होतात तितका छान झाला. मी पैठणी नेसले होते. माझी सकाळ तोडीनं उघडते, असं मी म्हणाले. ललत ऐकताना मला पिपलानीची थंडीतली पहाट आठवते, असंही म्हणाले. हे खरं तर मैत्रिणीनं कधीतरी मला सांगितलं होतं, म्हणजे आठवणसुद्धा उचललेलीच. टाळ्या पडल्या. मैत्रीण पिपलानीहून बस बदलून आली होती, मांडीवर तिळाच्या लाडवांचा डबा धरून बसली होती. मी तिच्याकडे एकदा बघितलं आणि डोळा मारला. ती हसली नाही. मी समजले, लांबून दिसलं नसेल.

मग एक गाणं शिकवणाऱ्या बाई उठल्या. बिचाऱ्या आदरानंच उठल्या.

"काकू, तुमच्या यादीत भटियार पुन्हा पुन्हा येतो. तुम्हाला त्यात नेमकं काय धरून ठेवतं?"

आता मला भटियार ठाऊक होता तो पडद्यावरच्या नावापुरता, तोही माझं लग्नाचं गाणं दाबायच्या आधी दोन श्वास. "त्याची शांतता," मी डोळे मिटून म्हणाले.

"भटियारची? शांतता? तो तर केवढा जोरकस राग!" बाई गोंधळल्या. मग त्यांची नजर आपसूक तिसऱ्या रांगेकडे गेली. गाणाऱ्या माणसांना हॉलमध्ये गाणारं कोण आहे ते ठाऊक असतं. माझी मैत्रीण डब्याच्या झाकणाकडे बघत होती.

मी मनगटावर बोट आपटलं. "वेळ झाली हं! नाहीतर चिटणीसबाई रागावतील." हशा पिकला. मी वाचले.

नंतर तिळगूळ वाटताना ती माझ्यापर्यंत आली. माझ्या हातावर लाडू ठेवला. त्या वेळी जे सगळे म्हणतात ते ती म्हणाली नाही. पुढच्या बाईकडे वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवला, फोन उघडला. पडद्यावर खाली काहीच नाही. म्हटलं, सर्दी झाली असेल. त्याच्या पुढच्या दिवशीही काही नाही. मी माझं गाणं दाबलं. ते आपलं वाजत राहिलं. ठोकायचं कशावर? पलीकडे भिंतच नव्हती. कधी नव्हे ते गाणं पहिल्या दोन ओळींच्या पुढे गेलं, तेव्हा कळलं की त्यात पुढेही तेच आहे. पूर्ण वाजलं. मला त्याचा इतका कंटाळा आला की चहा उतू गेला.

फोन केला तर उचलायची. "बरी आहे. मटार आले बाजारात. सूनबाईला सुट्टी आहे." गाण्याचं नाव नाही, मंडळाचं नाव नाही. भांडली असती तर मी जिंकले असते. भांडणात मी चांगली आहे. तिला ते पहिल्यापासून माहीत.

शेवटी मीच नातीला म्हटलं, "ते वेगळं करून देणार होतीस ना, दे."

तिनं केलं. रात्री वगैरे नाही, भर दुपारी तिच्या जेवणाच्या सुट्टीत फोनवर बोलत होती. मागे डबे वाजत होते.

"आजी, तू एकही गाणं पुरं ऐकत नाहीस, माहितीये?"

"मला जमत नाही एका जागी बसायला. तिचं सांग."

"ती पूर्ण ऐकते. तासतासभराची. पण मध्येच तुटतात. सकाळची बहुतेक सगळी. आजी, तुझं सुरू होतं तिथंच तुटतात."

"मग तीही माझं तोडत असेल."

"नाही. तेच तर बघतेय मघापासून. तिनं तुझं कधीच तोडलेलं नाही. तुझं थांबलं की जरा वेळ जाऊ देते आणि तेच गाणं पहिल्यापासून लावते."

"पहिल्यापासून?"

"हो ना. सोडलं तिथून नाही लावत. पहिल्यापासून. मग कधी कधी तू परत तोडतेस." मागचे डबे वाजायचे थांबले होते. "आजी, तू काय करत होतीस गं?"

"चेष्टा," मी म्हणाले.

मग मला माझ्या स्वभावाप्रमाणे एक नामी युक्ती सुचली. तिचं सगळं ऐकणं कोपऱ्यावरच्या दुकानात छापून घेतलं. पानांवर फक्त तिचीच गाणी. फाईल घेतली, चांगली जाड पुठ्ठ्याची. लाल नाडी बांधली. आपण एखाद्याचं घेतलेलं परत केलं की प्रकरण मिटतं, ही माझी चिटणीसपणाची समजूत अजून उतरली नव्हती. हबीबगंजला बस बदलून पिपलानीला गेले. रस्ताभर फाईल मांडीवर घेऊन मी भाषण जुळवत होते. त्यात दोन विनोदही होते.

ती मागच्या अंगणात मटार सोलत होती. शेजारचं, म्हणजे आमचं जुनं क्वार्टर, बंद होतं. पडवीत कुणाची तरी मोडकी सायकल. मला बघून ती उठली नाही, पण पाट पुढे सरकवला.

"बस. चहा ठेवू?"

"राहू दे." मी फाईल पुढे केली. "हे तुझं."

तिनं ओले हात पदराला पुसले, नाडी सोडली, पानं उलटली. फार वेळ उलटली. ओठ हलत होते, रागांची नावं वाचत असेल. एका पानावर थांबली, बोट ठेवलं, पुढे गेली. माझं भाषण मी विसरले. मग तिनं पानं नीट जुळवली, नाडी बांधली आणि फाईल मटारच्या टोपलीशेजारी ठेवली.

"कागद पुष्कळ गेला," ती म्हणाली.

"तू रागावलीस."

"नाही वं."

"मग ऐकणं का बंद केलंस?"

"बंद कुठं? ऐकून राहिली नं. नातवानं फुकटवालं टाकून दिलं फोनमध्ये."

"त्यात जाहिराती येतात."

"येतात. साबणाची येते, पंख्याची येते." तिनं एक शेंग दाबली, दाणे टोपलीत पडले. "पण गाणं होऊ देतात, मग येतात."

मी भिंतीकडे बघितलं. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती, आतून ती भिंत दिसत होती. ताजा रंग दिलेला, फिका पिवळा. उलथन्याच्या खुणा तिच्या बाजूला कधी नव्हत्याच म्हणा, त्या माझ्या बाजूला होत्या.

"मंडळात मी तुझं माझं म्हणून सांगितलं," मी म्हणाले. सत्तर वर्षांत मला हे वाक्य विनोद न करता बोलायची वेळ आली नव्हती, म्हणून आवाज वाकडा आला. "चुकलं माझं. पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगते, हवं तर. तुझं नाव घेऊन सांगते."

"नको."

"का नको?"

तिनं टोपलीतले दाणे हातानं सारखे केले, एक किडका निघाला तो अंगणात फेकला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

"तू सांगितलं त्याचं काही नाही बाप्पा. एखादं तरी शेवटपर्यंत ऐकून सांगायचं होतं."